खडू पोरांच्या हातात द्या

पहिल्या चाचणीचे पेपर हातात पडले की घराघरांत आणि स्टाफरूममध्ये एकदमच धांदल उडते, हे मी एकतीस वर्षं बघत आले. यंदाच्या टपालातही बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाच्या रसायनशास्त्राबद्दलची पत्रं इतकी आली, की बाकीचे विषय पुढच्या अंकावर ढकलले. हा विषय मी कोल्हापुरात जन्मभर शिकवला आणि निवृत्तीनंतरही तो डोक्यातून गेलेला नाही, तेव्हा एखादं उत्तर लांबलं तर चालवून घ्या. पत्रं थोडक्यात देते. नावं कुणाचीच छापलेली नाहीत.

प्रश्न : मी तासिका तत्त्वावर रसायनशास्त्र शिकवते. यंदा पहिल्या वर्षाच्या वीस-वीस मुलांच्या तीन तुकड्यांची ट्यूटोरियल्स माझ्याकडे आहेत. दर तासाला चार-पाच उदाहरणं फळ्यावर नीट सोडवून दाखवते. मुलं उतरवून घेतात. ‘समजलं का?’ विचारलं की सगळे ‘हो मॅडम’ म्हणतात. चाचणीत मात्र त्याच उदाहरणातले आकडे बदलले तरी पेपर कोरा. माझं कुठं चुकतंय? — एक प्राध्यापिका, कोल्हापूर

उत्तर : उदाहरणं तुम्ही सोडवताय, तिथं चुकतंय. त्यात तुमचा सराव झकास होत असणार, पण परीक्षा पोरांची आहे.

वाईट वाटून घेऊ नका, मीही सुरुवातीची सहा-सात वर्षं हेच केलं. ट्यूटोरियल म्हणजे धाकटं लेक्चर, अशी माझी समजूत होती. ‘काही शंका?’ असं विचारायचं आणि उत्तराची वाट न बघता डस्टर उचलायचं. ‘समजलं का’ या प्रश्नाला आपल्याकडे ‘हो’शिवाय उत्तरच नसतं. पाहुण्याला ‘पोटभर जेवलात ना?’ विचारलं तर तो काय ‘नाही’ म्हणणार आहे?

माझे डोळे उघडले ते घसा बसल्यामुळे. जुलैचा पाऊस, पंचगंगेचं पाणी पात्राबाहेर आलेलं, वर्गात निम्मी पोरं भिजून आलेली. माझ्या तोंडून शब्द फुटत नव्हता आणि रजा शिल्लक नव्हती. फळ्यावर एकच प्रश्न लिहिला : हायड्रोक्लोरिक आम्लाच्या द्रावणाची संहती १० चा उणे ८ वा घात मोलर आहे, तर पीएच किती? खडू टेबलावर ठेवला आणि हातानं खूण केली, या कुणीतरी.

शिरोळकडची एक मुलगी उठली. चांगली हुशार. सूत्र लिहिलं, घात घातला, लॉग काढला, उणे-उणे गेलं, ८ आलं, भोवती चौकट मारली. ‘काढलो मॅडम,’ म्हणाली. (आमच्या कोल्हापुरात पोरीसुद्धा ‘काढलो, आलो, गेलो’ म्हणतात, पुण्याच्या वाचकांनी मुद्रणदोष समजू नये.) माझा आवाज असता तर मी अर्ध्या मिनिटात ‘चूक आहे, बस खाली’ म्हणून बरोबर उत्तर लिहून टाकलं असतं. आवाज नव्हता, म्हणून तिच्या चौकटीखाली फक्त एवढंच लिहिलं : आम्ल की आम्लारी?

वर्ग गप्प झाला. पीएच ७ च्या खाली आम्ल, वर आम्लारी, म्हणून ८ म्हणजे आम्लारी, हे शाळेपासून सगळ्यांना पाठ. घातलंय तर आम्ल. कुणी म्हणालं, ‘सूत्र तर बरोबर हाय.’ कुणी म्हणालं, ‘कॅल्क्युलेटर परत मार.’ मारला, परत ८. दोनेक मिनिटं अशीच गेली असतील, मला ती दहा वाटली. मग शेवटच्या बाकावरून आवाज आला, ‘मॅडम, ताकात किती बी पाणी ओतलं म्हणून ते दूध हुईल काय?’

सगळे हसले, पण गाडी तिथून सुटली. आम्ल कितीही पातळ केलं तरी ते आम्लारी होणार नाही, म्हणजे हायड्रोजन आयन आणखी कुठून तरी येत असले पाहिजेत. कुठून? बाटलीत आहे काय आम्लाशिवाय? पाणी. पाण्यात स्वतःचे किती? १० चा उणे ७ वा घात. हा आकडा वर्गातल्या प्रत्येकाला माहीत होता, फक्त तो ‘शुद्ध पाणी’ नावाच्या वेगळ्या खोक्यात ठेवलेला होता. पोरांनी दोन्हींची बेरीज करून ६.९६ आणलं. पाण्याचा समतोल धरून वर्गसमीकरण सोडवलं की ६.९८ येतं, ते मी दुसऱ्या आठवड्यात आवाज आल्यावर दाखवलं. त्या दिवशी एकच उदाहरण झालं, पण सत्र संपेपर्यंत ते कुणी विसरलं नाही, आणि ताकवाल्याचं नावच ‘ताक’ पडलं.

तेव्हा तुम्ही पाच उदाहरणांऐवजी दोन घ्या. एखादं अर्धवट राहिलं तरी राहू दे. खडू पोरांच्या हातात द्या आणि तुम्ही खिडकीशी जाऊन उभ्या राहा. फळ्याजवळ थांबलात की हात आपोआप खडूकडे जातो, मला माहीत आहे. उत्तर चुकलं की ‘का?’ विचारायची आपल्याला सवय असते. बरोबर आलं तरी तोच प्रश्न, त्याच आवाजात विचारा. नाहीतर ‘का?’ ऐकलं की पोरं लगेच खोडायला लागतात. आणि विचारून झाल्यावर थांबा. अमेरिकेत मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात वर्गांतलं बोलणं ध्वनिमुद्रित करून तपासलं, तेव्हा प्रश्न विचारल्यावर शिक्षक जेमतेम सेकंदभर वाट बघतात असं दिसलं. तीन सेकंद थांबले तरी मुलांची उत्तरं लांब आणि विचार केलेली येऊ लागली. मी मनातल्या मनात दहापर्यंत मोजायची. सहाच्या पुढं फार अवघड जातं.

दुसरी गोष्ट म्हणजे चित्र काढायला लावा. ग्लासगो विद्यापीठातले ॲलेक्स जॉनस्टन यांनी १९९१ च्या एका लेखात आपल्या विषयाचं दुखणं नेमकं पकडलं होतं. रसायनशास्त्र तीन पातळ्यांवर चालतं : डोळ्यांना दिसतं ते, आत अणुरेणूंचं चालतं ते, आणि आपण चिन्हांत लिहितो ते. शिकवणारा एका वाक्यात या तिन्हींवरून उड्या मारतो, कारण त्याचे पाय तयार झालेले असतात. नवं पोरगं चिन्हांवरच अडकतं. समीकरण संतुलित करेल, पण बीकरमध्ये काय चाललंय विचारलं की आढ्याकडे बघेल.

एकदा वहीत उकळत्या पाण्याचा मोठा बुडबुडा काढायला सांगा आणि त्याच्या आत काय आहे ते रेणू काढून दाखवा म्हणा. पाण्याचं रेणुसूत्र झोपेतही सांगणारी पोरं बुडबुड्यात एका बाजूला हायड्रोजन आणि दुसऱ्या बाजूला ऑक्सिजन काढतात, असं मी दरवर्षी पाहिलं. त्यांना लगेच हसू नका. मी विचारायची, ‘तसं असतं तर बिंदू चौकातल्या चहावाल्याच्या आधणाचं काय झालं असतं?’ काडी ओढणाऱ्या माणसाशेजारी हायड्रोजन आणि ऑक्सिजन एकत्र, रोज सकाळी सहापासून! मग वाफ म्हणजे पाण्याचेच रेणू, फक्त लांब-लांब गेलेले, हे त्यांचं त्यांनाच सुचतं. एखादा खडूस पोरगा म्हणेल की उकळायच्या आधी भांड्याच्या कडेला बारीक बुडबुडे येतात, ते कसले? ती पाण्यात विरघळलेली हवा. त्याला शाबासकी द्या.

मिठाच्या पाण्याचं चित्रही असंच. सोडियम आणि क्लोरीन सुटे होण्याऐवजी जोडीजोडीनं हातात हात घालून पोहताना दिसले, की पुढच्या तासाला काय घ्यायचं ते तुम्हाला कळलं. ती चित्रं जमा करून ठेवा. पुढच्या वर्षीचे प्रश्न त्यातूनच निघतात.

प्रश्न : मी भुदरगड तालुक्यातला. दहावीपर्यंत मराठी माध्यम. इथं शहरात सगळं इंग्रजीत चालतं. ट्यूटोरियलमध्ये सर विचारतात तेव्हा उत्तर डोक्यात मराठीत येतं, ते इंग्रजीत जुळवेपर्यंत दुसरी मुलं सांगून मोकळी होतात. त्यामुळं मी गप्पच बसतो. सोडवलेल्या उत्तरांची फाईल मिळाली तर पाठ करून भागेल का? — एक विद्यार्थी

उत्तर : उत्तर मराठीतच सांग, बाळ. सर कोल्हापूरचेच असणार, त्यांना कळतं. विद्यापीठाच्या पेपरात इंग्रजी लिहायचं आहे हे खरं, पण ट्यूटोरियल म्हणजे पेपर नाही. तिथं आधी डोक्यातलं बाहेर येऊ दे, भाषेचे कपडे मागून घालता येतात. मीसुद्धा ‘क्षपण’ आणि ‘अवक्षेप’ म्हणतच वर आले.

तुझ्यासारखाच करवीर तालुक्यातला एक मुलगा माझ्याकडे होता. सत्रभर तोंड उघडलं नाही. एका ट्यूटोरियलला मी चुन्याच्या निवळीचं उदाहरण घातलं. लिटरभर पाण्यात कॅल्शियम हायड्रॉक्साईड साधारण १.६५ ग्रॅम विरघळतं असं धरा. मोल किती, हायड्रॉक्साईड आयन किती, पीएच किती? सगळ्यांनी कॅल्क्युलेटर काढले. हा मान खाली घालून म्हणाला, ‘ही निवळी आमच्या गुऱ्हाळावर रसात घालतात.’

मी विचारलं, ‘कशाला?’ आणि पुढची दहा मिनिटं वर्ग त्याचा झाला. उसाचा रस मुळात किंचित आंबूस असतो. निवळीनं तो आंबूसपणा मरतो, काहिलीत मळी वर येते, ती झाऱ्यानं काढून टाकायची. चुना कमी पडला तर गूळ धरत नाही, पाघळतो. जास्त पडला तर काळपट होतो, मग बाजारात त्या गुळाच्या रव्याला (ढेपेला) भाव नाही. मी पुस्तकातली बाजू जोडली : आम्ल आणि उष्णता मिळाली की साखरेचा रेणू फुटून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होतात, म्हणून गूळ बसत नाही. तो म्हणाला, ‘आमच्या गुळव्याला हे म्हाईत नाही, पण त्याचा हात चुकत नाही.’ मग उठला आणि फळ्यावर गेला. १.६५ भागिले ७४, म्हणजे ०.०२२३ मोल. तिथून थेट लॉग घ्यायला निघाला होता, मधेच थांबला, स्वतःशीच पुटपुटला, ‘एका कॅल्शियममागं दोन जातात की.’ दुप्पट केलं आणि पीएच १२.६५ आणला. वर्गातल्या निम्म्या कॅल्क्युलेटरवाल्यांचं ते दोननं गुणणं राहून गेलं होतं.

(निवळी तापवली की चुना कमी विरघळतो आणि ती गढूळ होते. बहुतेक क्षारांचं उलटं असतं. हे का, ते तुझ्या सरांना विचार. तोंड उघडायला एक निमित्त.)

एका शब्दापासून मात्र जपून राहा, तो म्हणजे ‘कडक’. आपल्याकडे चहा कडक, ऊन कडक, आणि आम्लही कडक. रसायनशास्त्रात इथं दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तीव्र आणि सौम्य हा आम्लाचा स्वभाव : पाण्यात गेल्यावर त्याचे किती रेणू फुटून आयन होतात? संहत आणि विरल हा आपण घातलेल्या प्रमाणाचा प्रश्न : लिटरभर पाण्यात किती घातलं? हायड्रोक्लोरिक आम्ल कितीही विरल केलं तरी तीव्रच राहतं. व्हिनेगरमधलं ॲसेटिक आम्ल कितीही संहत केलं तरी सौम्यच. दोन्हींची ०.१ मोलर द्रावणं घे. हायड्रोक्लोरिकचा पीएच १ येतो, ॲसेटिकचा २.९ च्या आसपास, कारण ॲसेटिकच्या शंभर रेणूंतला जेमतेम एखादा फुटतो, बाकीचे घरात बसून राहतात. तांबडा रस्सा वाटीभर असला तरी तिखटच, आणि पांढरा पातेलंभर प्यायलास तरी तो तांबडा होत नाही, एवढं लक्षात ठेवलंस तर गोंधळ होणार नाही.

वहीचं पान उभं दुमड. डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे तुझ्या मराठीत त्याचा अर्थ, आणि तोही व्याख्या म्हणून लिहू नकोस, घरी भावाला सांगशील तसा लिही. उत्तरांच्या फाईलचं म्हणशील तर ती मिळाली तर घे, पण पाठ करू नकोस. वर कोरा कागद ठेव, एक ओळ उघड, पुढची ओळ काय असेल ते आधी स्वतः लिही, मग कागद खाली सरकव. जिथं तुझी ओळ आणि छापलेली ओळ वेगळी पडेल तिथं खूण कर, आणि ट्यूटोरियलला फक्त तेवढं विचार. ‘मला हे उदाहरण समजलं नाही’ यापेक्षा ‘तिसऱ्या ओळीत दोननं का गुणलं?’ असं विचारलंस तर सरांनाही बरं वाटेल.

तू बोर्डिंगमध्ये राहत असशील तर उत्तमच. शाहू महाराजांनी १९०१ साली इथं पहिलं बोर्डिंग काढलं, तेव्हापासून खेड्यातली पोरं या गावात एकमेकांना शिकवत शिकली आहेत. रात्री जेवणानंतर दोघांना समोर बसवून एक उदाहरण मराठीत समजावून सांग. अडखळशील तिथं तुझं कच्चं आहे.

प्रश्न : मुलीला बारावीला रसायनशास्त्रात ९१ गुण होते. बी.एस्सी.च्या पहिल्या चाचणीत २० पैकी ४ मिळाले. घरात रडारड चालू आहे. खासगी क्लास लावावा का? — एक पालक, कागल

उत्तर : इतक्यात नको. पहिल्याच चाचणीतले ४ गुण स्वस्तात मिळालेली सूचना आहे, मार्चमध्ये मिळाली असती तर महाग पडली असती. प्रवेश परीक्षेच्या तयारीत चार पर्यायांतला बरोबर पर्याय ओळखायची सवय लागते. इथं पर्याय नसतात, कोरं पान असतं. ९१ खोटे नव्हते, ते वेगळ्या कामाचे होते.

एक तपासा. तिनं अकरावीला गणित सोडून जीवशास्त्र घेतलं होतं का? रसायनशास्त्रात नापास होणारी कितीतरी मुलं खरं तर गुणोत्तर, घातांक आणि लॉगरिदममध्ये नापास झालेली असतात. तसं असेल तर शेजारच्या शाळेतल्या गणिताच्या मास्तरांकडे महिनाभर पाठवा, रसायनशास्त्राचा क्लास लागणार नाही. आणि रात्री जेवताना तिला ‘आज काय शिकवलं’ ते सांगायला लावा. तुम्हाला विषय येत नाही हीच तुमची जमेची बाजू. तिनं काहीही सांगितलं की ‘म्हणजे काय गं?’ एवढंच विचारत राहा. चिडेल. चिडू द्या.

प्रश्न : तुम्ही लोक छोट्या तुकड्यांच्या गप्पा मारता. आमच्याकडे ट्यूटोरियलला एकाच वेळी ६० मुलं आणि ४८ मिनिटं. गट पाडायचे तर गोंगाट, खडू द्यायचा तर एकाला. यावर काही उपाय आहे की नुसता उपदेश? — एक प्राध्यापक, गडहिंग्लज

उत्तर : रागावलात ते बरोबर आहे. ६० जणांची तुकडी हे ट्यूटोरियल नव्हेच, आणि ते वेळापत्रक करणाऱ्यांना लेखी कळवा, तोंडी नको. तोवर जे माझ्याकडून जमलं ते सांगते.

गट तिघांचे करा. चौथा मोबाईल बघतो. शेजारीशेजारी बसलेल्या मैत्रिणींचा गट केला तर पंचमीच्या गप्पा होतात, तेव्हा हजेरी क्रमांकानं पाडा. प्रत्येक गटाला एकच कागद आणि एकच पेन. पेन त्याच्या हातात, ज्याला त्यातलं सर्वांत कमी येतं. बाकीच्या दोघांनी बोलायचं, लिहायचं नाही. हुशार पोराला हे भयंकर जड जातं, हात शिवशिवतात. पण त्याला स्वतःचं म्हणणं दुसऱ्याच्या हातून कागदावर उतरेल इतकं सोपं करून सांगावं लागतं. गोंगाट होणारच. कान देऊन ऐका, त्यात ‘अरे पण मोल कुठं धरलास?’ असं ऐकू येत असेल तर तो गोंगाट चांगला.

मोठ्या वर्गासाठी हार्वर्डमधले भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक माझुर यांची रीत फार सोयीची आहे. त्यांची मुलं अवघड गणितं सोडवायची, पण साध्या समजुतीच्या प्रश्नावर आडवी व्हायची, हे लक्षात आल्यावर १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपासून त्यांनी ती वापरायला घेतली. पर्यायांचा एक प्रश्न टाकायचा, प्रत्येकानं आपापला विचार करून मत द्यायचं, मग शेजाऱ्याला पटवायचं आणि परत मत द्यायचं. यंत्रबिंत्र काही लागत नाही. मी छातीशी बोटं धरायला लावायची, एक, दोन, तीन किंवा चार. छातीशी अशासाठी, की मागचा पुढच्याची बोटं बघून आपली बदलतो.

सगळं यश प्रश्नावर असतं. चुकीचे पर्याय मनानं बनवू नका, जुन्या उत्तरपत्रिकांतून उचला. माझा एक आवडता प्रश्न सांगते. हुपरीत पैंजणांसाठी हजारो घुंगरं लागतात, ती एकेक मोजत कोण बसणार? काट्यावर टाकायची. मोल म्हणजे तेच : मोजता येत नाही म्हणून तोलायचं. चांदीचा अणुभार १०७.९, म्हणून १०७.९ ग्रॅम शुद्ध चांदीत एक मोल अणू, ६.०२२ गुणिले १० चा २३ वा घात इतके. आता १०.७९ ग्रॅम चांदीत जेवढे अणू आहेत, तेवढेच अणू तांब्याचे घेतले तर वजन किती भरेल? पहिल्या फेरीत बोटांचं जंगल ‘तितकंच, १०.७९’ वर उभं राहतं. ‘तेवढेच’ हा शब्द कानावर पडला की डोकं वजनाकडे जातं. मग एखादी पोरगी शेजारणीला म्हणते, ‘अगं, शंभर नारळ आणि शंभर लिंबं!’ आणि दुसऱ्या फेरीत बोटं ६.३५ कडे वळतात. (व्याख्या लिहून देताना जुन्या नोट्स काढू नका. २०१९ पासून मोलमधली संख्या व्याख्येनंच ठरवून टाकली आहे. १२ ग्रॅम कार्बन-१२ वाली व्याख्या आता इतिहासात गेली.)

प्रयोगशाळेतलं आणि ट्यूटोरियलमधलं वेगळं ठेवू नका. ऑक्झॅलिक आम्लात पोटॅशियम परमँगनेट घालायचं अनुमापन (टायट्रेशन) सगळ्यांचं झालेलं असतं. चंचुपात्र ६०-७० अंशांपर्यंत तापवायचं, विरल सल्फ्युरिक घालायचं, गुलाबी टिकला की थांबायचं. विचारा, पहिला थेंब रेंगाळत विरतो आणि नंतरचे झटक्यात विरतात, हे कुणी बघितलं का? निम्म्यांनी बघितलेलं असतं, आणि आपलंच काहीतरी चुकलं समजून गप्प बसलेली असतात. अभिक्रियेत तयार होणारे मँगनीजचे आयनच पुढच्या अभिक्रियेला वेग देतात. मग विचारा, सल्फ्युरिकच का, हायड्रोक्लोरिक असताना? ‘पुस्तकात तसं दिलंय’ हे उत्तर घेऊ नका. पाच मिनिटं भांडू द्या. परमँगनेट क्लोराईडवरही हात मारतो, त्याचा क्लोरीन करतो, आणि तिकडे खर्च झालेलं परमँगनेट तुमच्या ब्युरेटच्या वाचनात जास्तीचं दिसतं. इतकं त्यांच्यातच कुणीतरी काढतं. ६० जणांत काढणारा एक तरी असतोच, हा मोठ्या तुकडीचा एकमेव फायदा.

४८ मिनिटांत हजेरीला आठ घालवू नका. गटाचा कागद हीच हजेरी. घरी नेऊन तपासायचे ते वीस कागद, साठ वह्या नव्हेत.

प्रश्न : आमचं ट्यूटोरियल शेवटच्या तासाला, पाचला सुटतं. गगनबावड्याकडची माझी एस.टी. पावणेपाचला. पुढची गाडी मिळाली तर घरी पोचायला अंधार पडतो, म्हणून आई ट्यूटोरियल बुडव म्हणते. सरांना सांगितलं तर ते म्हणाले, ज्याला शिकायचंय तो थांबतो. मी काय करू? — एक विद्यार्थिनी

उत्तर : सरांचं वाक्य विसरून जा, त्यांना बहुतेक एस.टी. धरायची नसावी.

तुझ्या वर्गात त्या वाटेच्या आणखी किती जणी आहेत ते मोज. सगळ्यांच्या सह्यांचा अर्ज कर, त्यात गाडीची वेळ आणि गाव लिही, कारणं-भावना नकोत. तो विभागप्रमुखांना दे आणि पोच घे. मागणी एकच ठेव : आमची तुकडी सकाळच्या ट्यूटोरियलला बदलून द्या. प्रात्यक्षिकांच्या तुकड्या दरवर्षी अशा बदलतात, ट्यूटोरियलच्याही बदलता येतात, फक्त कुणीतरी मागावं लागतं.

बदल होईपर्यंत पावणेपाचची गाडी धर. अंधारात उतरू नकोस. त्या तासाला काय झालं ते मैत्रिणीला विचारताना ‘उत्तरं पाठव’ म्हणू नकोस, ‘फळ्यावर कोण गेलं आणि कुठं चुकलं’ ते विचार. वाटेतल्या कळे गावापर्यंत तुला तेवढ्यावर विचार करता येईल, खिडकीची जागा मिळाली तर.